दुकानाच्या गल्ल्यापासून राईच्या खाजणापर्यंत

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई आणि मोर्वा या जुन्या गावांतून जातो. शहराच्या उंच इमारती मागे पडल्या की मिठागरे, खाजण आणि खारफुटीची हिरवी दाटी दिसू लागते. मीरा-भाईंदरमध्ये स्थिरावलेल्या आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांचा या परिसराशी फारसा संबंध येत नाही. आपल्या दुकानातून गेलेली पिशवी मात्र तेथवर पोहोचू शकते. रस्त्यावर टाकलेली पिशवी पावसाच्या पाण्याबरोबर गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. भरती तिला आत आणते आणि ओहोटीनंतर ती तिवरांच्या मुळांत अडकून राहते.

तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात, कारण भरतीच्या चिखलात झाडाला हवा मिळत नाही. या मुळांवर प्लास्टिकचा थर बसला की झाडाचा श्वास कोंडतो. याच मुळांच्या आश्रयाने खेकडे, निवट्या, कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात. एक झाड वाळले की त्याच्या आधाराने जगणारे असंख्य जीव निराधार होतात.

शासनाने या विषयात पावले उचलली आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. नाले तुंबण्यास प्लास्टिक पिशव्याही कारणीभूत ठरल्याचे दिसल्यावर राज्याने पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या यांचे उत्पादन, विक्री, साठवण व वापर यांवर बंदी आली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये, तर तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिन्यांचा कारावास. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जीवन जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे सांगून तिच्याभोवती ५० मीटरचे संरक्षित क्षेत्र राखण्याचा आदेश दिला.

लोकशिक्षणाचा विचारही जुनाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण हा शिक्षणातील अनिवार्य विषय करण्याचे आणि चित्रपटगृहांत पर्यावरणाचे संदेश दाखवण्याचे निर्देश दिले होते. त्याच्याही कितीतरी आधी संत गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांना शहाणे करीत. आधी स्वतः झाडायचे, मग सांगायचे, हा त्यांचा क्रम होता.

व्यापारी बांधवांची तक्रार आपण सर्वजण जाणतो. ग्राहक रिकाम्या हाताने येतो, पिशवी मागतो, आणि नाही म्हटले तर शेजारच्या दुकानात जातो. दंड मात्र दुकानदाराला. ही तक्रार खोटी नाही. एकट्या दुकानदाराने पिशवी बंद केली तर त्याचे गिऱ्हाईक तुटते. पण एका गल्लीतील सर्व दुकानदारांनी एकाच दिवशी बंद केली, तर ग्राहक जाणार कोठे? हा निर्णय व्यापारी मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो. अनामत रक्कम घेऊन कापडी पिशवी द्यावी आणि ती परत आणल्यावर रक्कम परत करावी. नॉन-वोव्हन पिशवी कापडासारखी दिसली तरी तीही प्लास्टिकच असते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या परंपरेत साधू-साध्वींसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी पाचवी समिती टाकून देण्याच्या वस्तूंविषयी आहे. वस्तू अशा जागी आणि अशा जपणुकीने टाकावी, की कोणत्याही जीवाला बाधा पोहोचू नये. चातुर्मासात जमिनीवरची मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या आपण, आपल्या हातून गेलेल्या पिशवीखाली खाजणातील जीव गुदमरत असेल, तर त्याकडे पाठ कशी फिरवावी?

आरंभ घरातून आणि संघातून व्हावा. स्वामीवात्सल्यात स्टीलची ताटे वापरावीत, प्रभावना प्लास्टिकच्या वेष्टनाविना द्यावी, ओला व सुका कचरा वेगळा करूनच घंटागाडीत द्यावा. आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन ओहोटीच्या वेळी राईच्या बाजूला जाऊन यावे. तिवरांत अडकलेल्या पिशव्यांवर कुणाच्या दुकानाचे नाव छापलेले आहे, हे मुलांनाच वाचू द्यावे.