मुरुमांच्या गोळ्या: भीती आहे, पण भलत्याच जागी

त्वचारोगतज्ज्ञांनी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन लिहून दिली की घरात कुजबुज सुरू होते. "नको गं बाई ती गोळी, पुढे मूलबाळ व्हायला अडचण." त्याच घरात चिठ्ठीशिवाय आणलेली डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप मात्र महिनोन्महिने बिनघोर संपवली जाते. जपायला दोन्ही ठिकाणी हवं, पण नेमकं कशाला, ते कुणी सांगत नाही.

गैरसमज: आयसोट्रेटिनॉइनने वंध्यत्व येतं.

अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेलं हे औषध ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. त्वचेतल्या तेलग्रंथी त्याने आकसतात, म्हणून खड्डे पाडणाऱ्या, गाठींच्या मुरुमांवर त्याच्याइतकं प्रभावी दुसरं औषध नाही. गोळी बंद केल्यावर महिन्याभरात ते शरीरातून निघून जातं. पुढे दिवस राहण्यावर त्याचा परिणाम होतो, याला पुरावा नाही.

खरा धोका गोळी चालू असताना दिवस राहिले तर आहे, आणि तो फार गंभीर आहे. अशा गर्भांपैकी साधारण २० ते ३५ टक्क्यांमध्ये मेंदू, हृदय, कान किंवा चेहऱ्याचे जन्मदोष आढळतात. डोस कमी होता, चारच दिवस घेतली, ही सबब इथे चालत नाही. म्हणून सुरू करण्याआधी गर्भधारणेची चाचणी आणि एक महिना आधीपासून बंद केल्यानंतर एक महिन्यापर्यंत खात्रीचं गर्भनिरोधन, हा नियम आहे. अमेरिकेत २००६ पासून यासाठी सक्तीची नोंदणी आहे. आपल्याकडे आई शेजारी बसलेली असताना अविवाहित मुलीला दिवस राहण्याबद्दलचा प्रश्न विचारायचा कसा, म्हणून तो कधी कधी विचारलाच जात नाही. हा संकोच गोळीपेक्षा घातक. पुरुषांना गर्भनिरोधनाचा हा नियम लागू नाही. रक्तदान मात्र गोळी चालू असताना आणि नंतर महिनाभर कुणीच करायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढवलं जाऊ शकतं.

गैरसमज: या गोळीने लिव्हर जातं, डोकं फिरतं.

ओठ कोरडे पडणं जवळजवळ सगळ्यांना होतं. डोळ्यांची चुरचुर, नाकाचा घोळणा फुटणं, अंगदुखीही होऊ शकते. ट्रायग्लिसराइड्स आणि लिव्हरची एन्झाइम्स काहींमध्ये वाढतात, म्हणून रक्ततपासणी करतात. बहुतेक वेळा डोस कमी केला की आकडे खाली येतात. नैराश्याबद्दल बोलायचं तर २०२३ साली सोळा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात आत्महत्येचा धोका वाढलेला दिसला नाही. चेहरा मुरुमांनी भरल्यामुळे खचणारी मुलंही थोडी नसतात. तरी गोळी सुरू झाल्यावर मन उदास राहू लागलं, तर डॉक्टरांना लगेच सांगावं.

गैरसमज: अँटिबायोटिक साधं औषध, कितीही दिवस चालतं.

डॉक्सिसायक्लिन सूज कमी करते, मुरुमांतल्या जंतूंना आवरते. पण ती तीन-चार महिन्यांपुरतीच, आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं लावायचं औषध हवंच. नुसती गोळी लांबवली की जंतू तिला जुमानेनासे होतात. रात्री घोटभर पाण्याबरोबर गिळून आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. म्हणून ग्लासभर पाणी प्यायचं आणि निदान अर्धा तास बसून राहायचं. उन्हात त्वचा लवकर भाजते, हे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना आवर्जून सांगायला हवं. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना जुनी उरलेली डॉक्सिसायक्लिन तर मुळीच घ्यायची नाही. दोन्ही मिळून कवटीतला दाब वाढू शकतो. डोकं ठणकू लागलं, धूसर दिसू लागलं, तर तडक दवाखाना गाठावा.

गैरसमज: रक्त बिघडलंय, ते शुद्ध करणारं सिरप पुरे.

मुरूम रक्तातल्या घाणीने येत नाहीत. तेल, बुजलेली रंध्रं, जंतू आणि सूज यांचा तो कारभार, आणि त्यामागे बहुधा हॉर्मोन्स.

गैरसमज: आठवड्यात फरक नाही, म्हणजे गोळी कुचकामी.

आयसोट्रेटिनॉइन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुरूम उलट वाढू शकतात, आणि नेमक्या याच वेळी बरेच जण ती सोडून देतात. ती जेवणासोबत घ्यायची, कारण उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. कोर्स बहुधा काही महिन्यांचा असतो. त्यानंतरही काहींना मुरूम परत येतात, विशेषतः पीसीओडी असलेल्या मुलींना. त्यांना कधी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात, पण ऑरासह मायग्रेन किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर त्या टाळतात. कधी स्पायरोनोलॅक्टोन देतात. ही मुळात रक्तदाबाची गोळी, म्हणून "मला कुठे बीपी आहे?" असा प्रश्न हमखास येतो. मुरुमांवर ती हॉर्मोनच्या वाटेने काम करते. ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत तिचा गुण तिसऱ्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त दिसला. गर्भारपणात ती चालत नाही, आणि छाती सुजते म्हणून मुलग्यांना मुरुमांसाठी देत नाहीत.