पानाची डावी बाजू

जेवणाच्या पानाची मांडणी ज्यांनी ठरविली त्या आपल्या पूर्वजांनी रांधणारा आणि जेवणारा यांच्यातील अधिकारांची वाटणी मोठ्या चातुर्याने केलेली आहे. वर मध्यभागी मीठ. त्याच्या उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. हे रांधणाऱ्याचे राज्य. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे, हे जेवणाऱ्याचे. आमटी सर्वांना एकाच चवीची मिळते, परंतु तिच्यात लिंबू किती पिळावे आणि घासागणिक चटणीला किती बोट लावावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. ‘तोंडी लावणे’ हा शब्दच किती नेमका आहे पाहा! त्याने पोट भरावयाचे नसते.

अलीकडे या डाव्या बाजूवर टोमॅटोचे केचप आणि मेयॉनीज हे दोन पाहुणे येऊन बसले आहेत, आणि त्यांच्यावरून घरोघरी कुरबुरी चालू असतात. नातवाने थालीपिठाबरोबर केचप मागितले की आजीला तो आपल्या लसणीच्या चटणीचा अपमान वाटतो. नातवाला ती चटणी खरोखरच झोंबत असते. दोघांपैकी कोणाच्या बाजूने कौल द्यावयाचा, हे ठरविण्याआधी पाहुण्यांचे कुलशील विचारून घेणे बरे.

मुले ज्याला सरसकट ‘सॉस’ म्हणतात, त्या केचपचे मूळ नाव आणि मूळ पदार्थ आशियाचेच. दक्षिण चीन व आग्नेय आशियातील बंदरांत मासे खारवून, आंबवून एक पातळ रस करीत. त्याच्या चिनी बोलीतील नावावरून हा शब्द आला, असे भाषाभ्यासक मानतात. इंग्रज व्यापाऱ्यांना त्या रसाची गोडी लागली. मायदेशी ते भूछत्रांचे आणि अक्रोडाचे केचप करू लागले. टोमॅटो त्यात बराच उशिरा आला: १८१२ मध्ये फिलाडेल्फियाचे जेम्स मीझ यांनी टोमॅटोची कृती छापली, आणि १८७६ मध्ये हाइन्झ यांनी ते बाटलीत भरून विकावयास काढले. पुढे रासायनिक परिरक्षकांविरुद्ध अमेरिकेत मोठी चळवळ झाली, तेव्हा हाइन्झ यांनी ती रसायने गाळून अधिक पिकलेले टोमॅटो, अधिक शिरका आणि अधिक साखर वापरली. आज आपण चाखतो ती गोडी अशी टिकाऊपणाच्या गरजेतूनही आलेली आहे. आपल्या साखरांब्याचा आणि गुजराती छुंद्याचा न्याय तरी दुसरा कोणता आहे? मात्र छुंदा आपण चमचाभर घेतो आणि केचप बशीभर. एका मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर असते, हे आयांनी लक्षात ठेवावे.

मेयॉनीजची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. तेल आणि पाणी यांचे सख्य नाही, हे सर्व जाणतात. इथे कोयलीला तर ते सांगण्याची गरजच नाही. १९६५ साली सुरू झालेल्या येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात कच्चे तेल येते, तेव्हा त्यात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात, आणि ते विजेच्या दाबाने एकत्र आणून वेगळे काढणे हे आरंभीच्या कामांपैकी एक असते. कारखाना जे मिश्रण मोडतो, त्याच जातीचे मिश्रण स्वयंपाकघरात हेतुपुरस्सर जमवावे लागते. अंड्याच्या बलकात लेसिथिन नावाचे द्रव्य आहे. त्याच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. बलकात शिरका घालून तेल थेंबथेंब सोडीत घोटत राहिले की तेलाचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळू शकत नाहीत आणि सर्व घट्ट होते. तेल घाईने ओतले तर ते फुटते. गुजरातेत दुकानोदुकानी मिळणारे बिनअंड्याचे मेयॉनीज दुधाच्या किंवा सोयाबीनच्या प्रथिनांवर उभे असते.

यात धोका आहे तो कच्च्या अंड्याचा. त्यातून साल्मोनेला जंतू पोटात जाऊ शकतात. हैदराबादेत विषबाधेचे प्रकार घडल्यानंतर ३० ऑक्टोबर २०२४ रोजी तेलंगण सरकारने, आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूने, कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजवर एक वर्षाची बंदी घातली. हातगाडीवर उन्हात उघडे राहिलेले असे मेयॉनीज मुलांना कदापि देऊ नये.

या सर्व प्रकरणात माझी सहानुभूती मोहरीकडे जाते. मेयॉनीजमध्ये पुष्कळदा मोहरी घालतात, कारण तिच्यातील चिकट द्रव्यही तेलपाण्याचे मिश्रण सांभाळते. ती फेसण्याची विद्या तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. अखंड मोहरी तिखट नसते. ती वाटून पाण्याबरोबर फेसली म्हणजे तिच्यातील एक विकर जागे होते आणि नाकात झणझणणारे तेल तयार करते. पाणी कढत घातले तर ते विकरच नष्ट होते आणि मोहरी मुकी राहते. केळ्याच्या रायत्यात फेसलेली मोहरी घातली असता जे घडते, ते कोणत्याही बाटलीत मिळालेले मला आठवत नाही.

आवडीच्या बाबतीत मी सनातनी नाही. कटलेटबरोबर मला केचपच लागते, आणि आम्हा ख्रिस्ती घरांत शिरक्याचे वावडे कधीच नव्हते. सोरपोतेल तर शिरक्यात दोन दिवस मुरल्यावरच खरे रुचते. थालीपिठाला मात्र लोणी आणि ठेचा! माझा आक्षेप आहे तो एकच चव सर्व पदार्थांना लावण्यावर. भजी, पराठा, ढोकळा, सर्वांवर तेच लाल आवरण पडले की जिभेला निवड करण्याचे कामच उरत नाही, आणि डाव्या बाजूचा जो मूळ हेतू, तोच बुडतो.

बडोद्याची शेव-उसळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शब्द आपला, शेवेची सढळता गुजरातची. उसळ मुद्दाम बेताची ठेवतात. तरी आणि लसणीची चटणी वेगळी मिळते, आणि शेजारी बसलेल्या दोन माणसांच्या बशा दोन रंगांच्या होतात. आमच्या वसाहतीत तर प्रांतोप्रांतीची कुटुंबे आहेत. मधल्या सुट्टीत डबे उघडले की बंगाली मुलाची कासुंदी, तमिळ मुलीची इडलीवरची पूड आणि मराठी मुलाचे मेतकूट यांची देवघेव चालते. कासुंदी प्रथम चाखणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा बोट पुढे करतो.