गादी राजाची, जबाबदारी पंतप्रधानाची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

देवरीहून मुंबई-कोलकाता महामार्गाने पूर्वेकडे निघालो, की छत्तीसगडची हद्द ओलांडून पुढे राजनांदगाव लागते. स्वातंत्र्यापूर्वी ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान म्हटले, की राजा आणि दिवाण ही जोडी डोळ्यांसमोर येते. दिवाण कारभार पाही, पण एरवी त्याने जाब द्यायचा तो राजाला किंवा इंग्रज सरकारला. रयतेला त्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

घटनात्मक राजेशाहीत नेमके हेच बदलते. गादीवर राजा असतो, कारभार पंतप्रधान करतो आणि जाब संसदेला देतो. ब्रिटनमध्ये संसदेच्या अधिवेशनाच्या प्रारंभी राजा भाषण वाचतो, ते मंत्रिमंडळाने लिहून दिलेले असते. संसदेचा विश्वास उडाला, तर पद पंतप्रधानाचे जाते, राजा राहतो. निर्णय राजाचा नसतो, म्हणून दोषही त्याच्याकडे जात नाही.

असा प्रयोग महाराष्ट्रातही झाला. सातारा भागातील औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली. गावोगावी निवडून आलेल्या पंचायती, त्यांच्यावर तालुका समित्या आणि शेवटी विधिमंडळ, अशी तिची पायाभरणी खालून वर होती. राजांनी आपली सत्ता आपल्या हाताने कमी केली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनी पुढे पंतप्रधान म्हणून काम केले. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

याउलट उदाहरण शेजारच्या नेपाळचे आहे. तेथे १९९०च्या घटनेने राजाला मर्यादा घातल्या होत्या. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांना दूर करून कारभार स्वतः हाती घेतला. मग जनतेच्या रागाला तोंड द्यायला मध्ये कोणी उरले नाही. २००६च्या आंदोलनापुढे त्यांना माघार घ्यावी लागली आणि २८ मे २००८ रोजी राजेशाहीच संपली. पंतप्रधान हा राजाच्या सत्तेला लगाम असतो, तसाच गादीचे रक्षण करणारी ढालही असतो.

आपण प्रजासत्ताक आहोत, गादी आपल्याकडे नाही. पण ही कामाची वाटणी आपल्या राज्यघटनेने स्वीकारली आहे. राज्यात कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, तरी घटनेच्या १६४व्या कलमानुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार असते. देवरीचा मतदार आमगाव मतदारसंघातून आमदार निवडतो, तो याच विधानसभेत बसतो. म्हणून रस्ता, शाळा वा दवाखान्याच्या प्रश्नावर मुख्यमंत्र्यांना जाब विचारणारी साखळी आपल्या मतापासून सुरू होते. दिवाणाच्या काळातल्या रयतेकडे नेमकी हीच साखळी नव्हती.