विमानतळ आला, हप्ते किती उरले?

पनवेल परिसरात गेली अठरा वर्षे घर विकताना एक वाक्य हमखास ऐकवले जायचे, ‘विमानतळ येतोय, आत्ताच घेऊन टाका.’ नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ मध्ये. भूमिपूजन झाले फेब्रुवारी २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि प्रवासी विमानसेवा सुरू झाली त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला. विमानतळाच्या भरवशावर २००८ साली वीस वर्षांचे कर्ज काढून कुणी कामोठ्यात किंवा नवीन पनवेलमध्ये फ्लॅट घेतला असेल, तर सेवा सुरू झाली तेव्हा त्याचे जेमतेम तीन वर्षांचे हप्ते उरले होते.

यात त्याचे नुकसानच झाले असे नव्हे. स्वतः राहायला घर घेतले असेल, तर या काळात त्याचे भाडे वाचले, मुलांची शाळा एका जागी झाली. पण निव्वळ भाव वाढेल म्हणून पैसे अडकवणाऱ्यांनी ही मुदत नीट पाहायला हवी. प्रकल्पाची तारीख पुढे गेली म्हणून बँक व्याज थांबवत नाही.

हे व्याज चालते कसे? ४० लाखांचे कर्ज, व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण ३४,७१३ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून फिटतात फक्त ६,३८० रुपये. वीस वर्षांत बँकेला एकूण ८३ लाखांवर रक्कम जाते. मात्र दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरला, तर हेच कर्ज सव्वातीन वर्षांहूनही अधिक आधी संपते. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचे असेल, तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. दिवाळीच्या बोनसचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल.

बदलत्या दराची दुसरी बाजूही आहे, आणि ती अनेकांना २०२२ मध्ये कळली. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून चार टक्के होता. मे २०२२ मध्ये तो वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी रेपो निवडला, त्यामुळे ही वाढ थेट कर्जदारापर्यंत आली. पावणेसात टक्क्यांनी घेतलेल्या ४० लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता ३०,४१५ रुपये. दर सव्वानऊ टक्के झाला, की ४० लाखांवरचे नुसते व्याजच महिन्याला ३०,८३३ रुपये होते. हप्ता तोच ठेवून मुदत ताणायची म्हटली, तरी कर्ज कधी फिटेल याचा हिशेबच लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा. बँकेचा असा संदेश आला, तर तो न वाचता पुसून टाकू नये.

आता गुंतवणुकीच्या दुसऱ्या फ्लॅटकडे वळू. समजा, किंमत ५० लाख. या किमतीच्या घरावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, म्हणजे दहा लाख रोख हवेत. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी वेगळे. भाडे महिन्याला १४ हजार आले असे धरले, तरी साडेआठ टक्क्यांच्या हप्त्यासाठी दरमहा वीस हजारांहून अधिक खिशातून घालावे लागतात. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि भाडेकरू बदलताना रिकामे जाणारे महिने धरलेलेच नाहीत. ही तूट अनेक वर्षे सोसून मगच विक्रीचा फायदा मोजावा. दलालाच्या कागदावर ही तूट सहसा नसते.

स्वस्त मिळतेय म्हणून कागद न पाहता घेणे पनवेलमध्ये विशेष महागात पडते. शहराबाहेर नैना, म्हणजे विमानतळाच्या प्रभावाखालचे अधिसूचित क्षेत्र आहे. तिथे सिडको २०१३ पासून नियोजन प्राधिकरण आहे. गुंठ्यांवर विकल्या जाणाऱ्या ‘प्लॉट’चा सातबारा शेतीचाच असेल, तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला तो सरळ विकत घेता येत नाही. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांनी गावठाणांभोवती ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे चालू आहे. त्यांच्या मागण्या रास्त आहेत; पण परवानगी नसलेल्या इमारतीतल्या फ्लॅटवर बँक कर्ज नाकारते, आणि पुढे विकताना तीच अडचण पुन्हा उभी राहते. सिडकोच्या भूखंडावरची जमीन बहुधा भाडेपट्ट्याची असते. तेव्हा जुना फ्लॅट घेताना हस्तांतरणाचे शुल्क कोण भरणार, हे व्यवहाराआधीच लिहून घ्यावे.

नव्या प्रकल्पात महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. चटई क्षेत्र किती आणि भोगवटा प्रमाणपत्र आले का, हे दोन प्रश्न सॅम्पल फ्लॅटमधले फर्निचर बघण्याआधी विचारलेले बरे.

या सगळ्याआधी सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला असावी. ती कुठे ठेवायची, याचा धडा पनवेलकरांनी जवळून पाहिला आहे. इथल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. ठेवींवरचे विम्याचे संरक्षण त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २०२० मध्ये, एक लाखावरून पाच लाखांवर नेले होते, म्हणून लहान ठेवीदारांना मोठा दिलासा मिळाला. पाच लाखांची ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सर्व खात्यांना मिळून असते, मुद्दल आणि व्याज धरून. घरासाठी जमवलेले दहा लाख एकाच बँकेत ठेवले असतील, तर त्यातल्या अर्ध्याच रकमेला विमा आहे. वेगवेगळ्या दोन बँकांत, व्याजासह पाच लाखांच्या आत राहतील अशा ठेवी केल्या, तर त्या पूर्ण संरक्षित राहतात.