लोणारला गोड्या पाण्याचा जाच

दिवाळीच्या सुट्टीत बुलडाणा जिल्ह्यात पाहुणे आले की शेगाव, सिंदखेडराजा आणि लोणार हा फेरा ठरलेलाच. लोणारच्या काठावर उभं राहिलं की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘यंदा पाणी भरपूर आहे हं!’ म्हणणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं आणि ते साहजिकच आहे. टँकरच्या मुलखातल्या माणसाला भरलेलं तळं पाहून बरंच वाटणार. पण भरलं की जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडतात, असं हे तळं आहे.

अवकाशातून आलेला एक दगड दख्खनच्या काळ्या पाषाणावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा वाडगा तयार झाला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, मात्र पुढची शंभर-सव्वाशे वर्षं अभ्यासक त्याला ज्वालामुखीचं तोंडच समजत होते. दख्खनचा सगळा खडकच लाव्हाचा, तेव्हा त्यांचाही नाइलाज होता. प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी काच इथल्या खडकात सापडल्याचं १९७३ साली प्रसिद्ध झालं आणि वाद मिटला. वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं निघतं, तर दुसरीने ५ लाख ७० हजार. गावाला या भानगडीशी देणंघेणं नाही. विष्णूने लवणासुराला इथे मारलं, ही कथा गावाला पुरते आणि दैत्यसूदनाचं देखणं देऊळ त्या कथेला साक्षीला उभं आहे.

आता पाण्याकडे वळू. या वाडग्यात पाणी येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. पावसाचं येतं, काठाच्या उतारावरून येतं, धारेच्या गोमुखातून, सीतान्हाणीतून, रामगयेच्या झऱ्यातून येतं. बाहेर जायला मात्र एकही वाट नाही, उन्हाने वाफ होऊन उडेल तेवढंच. पाषाणातून झिरपताना पाणी थोडा सोडा सोबत घेऊन येतं. पाणी उडून जातं, सोडा मागे राहतो, आणि हजारो वर्षं हे चालल्यावर जे उरलं ते समुद्रापेक्षा कितीतरी जास्त अल्कधर्मी. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८ असतो. लोणारचा वर्षानुवर्षं १० च्या आसपास नोंदवला गेला. हळदीची चिमूट या पाण्यात टाकली तर ती लालसर होते. हळदीला खार लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार.

या खाराला एके काळी बाजार होता. ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या काच-साबणाच्या मालाचा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर खाराचे थर उरत, ते खरवडून, वाळवून, प्रत लावून विकत. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्या प्रतींची नावं इंग्रजी अमदानीतल्या कागदांत आहेत. तो धंदा केव्हाच बसला.

असल्या पाण्यात जगणार कोण? मासा नाही, कमळ नाही. पण सूक्ष्म जिवांची मात्र चंगळ. स्पिरुलिनाच्या जातीचं शेवाळ इतकं माजतं की पाणी हिरवंगार दिसतं. त्याच्या आधारावर बारीक किडे, किड्यांवर शेकाट्या, चक्रवाक, टिबुकल्या. टांझानियातलं नेट्रॉन सरोवर याच गोत्रातलं. तिथे रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे याच शेवाळावर पोसतात.

जून २०२० मध्ये तर पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राने मोबाइलवर ते पाहिलं आणि तर्कांना ऊत आला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेलं, नागपूरच्या ‘नीरी’ने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले होते. गुलाबी रंग त्यांच्या अंगचा. प्रयोगशाळेत नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. त्याच वर्षी लोणार महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. अभयारण्य ते २००० पासूनच आहे.

पुढे चक्र उलटं फिरलं. पावसाळे दमदार झाले, पाणी चढत कमळजा देवीच्या देवळापर्यंत गेलं आणि अलीकडे तळ्यात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. मासे आले म्हणून आनंद मानणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की या सूक्ष्मजीवांनी आपलं घर बाकी कोणाला न मानवणाऱ्या पाण्यातच केलं आहे. खार पातळ झाला की ते मागे हटतात आणि कुठल्याही गावतळ्यात सापडेल ती वसाहत येते. रामसरचा दर्जा मिळाला तो या वेगळेपणासाठीच.

पाऊस आपल्या हातात नाही आणि झरेही बंद करता येणार नाहीत. धार तर तीर्थ आहे. पण लोणार शहराचं सांडपाणी आणि आजूबाजूच्या शेतांतली खतं उतारावरून खाली येतात, ती माणसाची करणी आहे. खतांतलं नत्र-स्फुरद तळ्यात उतरलं की नको त्या वनस्पतींचं फावतं. उतारावर वेडी बाभूळही पसरली आहे. शिवाय ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हा आपला लाडका मंत्र इथे जपून जपायला हवा. वाडग्याच्या डोक्यावर जिरवलेलं पाणी पाषाणाच्या भेगांतून वाडग्यातच उतरू शकतं. आसपासच्या शेतकऱ्याने विहिरीला पाणी मागितलं तर ते चुकीचं म्हणता येत नाही, म्हणूनच कोणतं पाणी कुठे जिरतं आणि कुठे निघतं याचा भूजलाचा नकाशा आधी हवा, बंधारे नंतर.

खरी अडचण कारभाराची आहे. तळं आणि रान वन विभागाकडे, देवळं पुरातत्त्व खात्याकडे, गटारं नगरपरिषदेकडे, काठापलीकडची शेतं महसूल आणि कृषीकडे. पाण्याला या हद्दी ठाऊक नाहीत. २००९ पासून न्यायालयात याचिका चालली ती उगाच नाही. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायला न्यायमूर्तीच लागले. निदान सामू, खारटपणा आणि पाण्याची पातळी दर महिन्याला एकाच जागी मोजून काठावरच्या फलकावर लावली, तरी ‘पाणी भरपूर आहे’ म्हणणाऱ्या पाहुण्याला त्या ‘भरपूर’चा हिशेब तिथेच वाचता येईल.