पुठ्ठ्याचे उंबर

परीक्षा संपून एप्रिलचे ऊन तापू लागले, की आमच्या चर्चमध्ये मुलांच्या उन्हाळी शास्त्रशाळेची गडबड सुरू होते. पाच दिवस सकाळी गाणी, गोष्टी, हस्तकला, खाऊ आणि अखेरच्या दिवशी पालकांसमोर एक छोटी नाटिका, असा तिचा क्रम. मुले साठ-सत्तर, मंडळीतल्या कुटुंबांतली, तशी शेजारपाजारचीही. कुणाचे वडील यंत्रमागावर, तर कुणाची आई घरी विड्या वळणारी. गेल्या वर्षी रंगमंचाच्या सजावटीचे काम माझ्याकडे आले. त्यातून जे शिकले ते आपल्या स्नेहसंमेलनालाही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही सोपा मार्ग धरला होता. भला मोठा छापील फ्लेक्स करून आणला आणि टांगला. जमलेल्या वर्गणीचा जवळजवळ निम्मा भाग त्यातच गेला. पहिल्या दिवशी मुलांनी तो डोळे विस्फारून पाहिला; दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. चौथ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा वारा सुटला आणि तो मधोमध फाटला. एवढ्यावर भागले असते तर बरे, पण पैसे कमी पडल्याने दोन दिवस खाऊला कात्री लावावी लागली. "ताई, आज एवढाच खाऊ?" असे एका चिमुरडीने विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून यंदा आम्ही एक नियम घातला : सजावटीचा रोख खर्च एका दिवसाच्या खाऊच्या खर्चापेक्षा अधिक होता कामा नये.

नियम कडक वाटेल, पण या शाळेच्या जन्मकथेला तो साजेसाच आहे. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये श्रीमती हॉझ नावाच्या बाईंनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा सुरू केली, तेव्हा त्यांना मिळालेली जागा होती दारूच्या गुत्त्याची! १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ही कल्पना त्या शहरात पसरवली आणि पुढे ती जगभर गेली. आपल्याकडे तर ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. कीर्तनकाराला ना पडदा लागतो, ना देखावा. मग मुलांना तरी देखावा कशाला, असा प्रश्न कुणी करील. माझे उत्तर असे, की तो बघण्यासाठी नकोच, करण्यासाठी हवा.

नाटिकेसाठी जक्कयाची गोष्ट निवडली. जक्कय हा यरीहो नगरातला मुख्य जकातदार. श्रीमंत पण लोकांना नकोसा, आणि अंगाने ठेंगणा. येशू त्या वाटेने जाणार म्हणून त्याला पाहण्यासाठी तो उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि त्याच्याच घरी पाहुणा म्हणून उतरतो. सोलापुरातले जकात नाके इतिहासजमा झाले असले, तरी वडीलधाऱ्यांना जकातदार समजावून सांगावा लागत नाही! पॅलेस्टाईनमधले ते झाड आपल्या उंबराच्याच कुळातले. त्याचीही फळे खोडाला आणि जाड फांद्यांना झुबक्यांनी लागतात, फांद्याही बुंध्याशी खालीच फुटतात. ठेंगणा माणूस त्यावर कसा चढला, हे त्यावरून कळते. तेव्हा चित्रातले परदेशी झाड उतरवण्याऐवजी एके दिवशी मुलांना खरा उंबर दाखवून आणला.

आता झाड उभे कसे केले ते सांगते. थर्माकोलच्या सजावटीला महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. ती नसती तरी पुठ्ठाच बरा. दुकानदारांकडून फ्रिजची रिकामी खोकी मागून आणली. पन्हळी पुठ्ठ्यात एक खुबी असते. तो पन्हळीच्या दिशेने ताठ राहतो, आडवा मात्र सहज वाकतो. म्हणून दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवताना एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे पाटीसारखी फळी तयार होते. वरून रद्दी कागद चिकटवताना तो दोन्ही बाजूंनी चिकटवावा. एकाच बाजूला लावला तर वाळताना तो आखडतो आणि पुठ्ठ्याला पापडासारखा बाक येतो. आमची पहिली फांदी अशीच वाकली.

चिकटवायला विकतचा गोंद परवडेना. तेव्हा मंडळीतले एक आजोबा मदतीला आले. त्यांचा उभा जन्म मागावर गेलेला. ते म्हणाले, "पोरी, गोंद कशाला? खळ कर की! खळ दिल्याबिगर सुताचा ताणासुद्धा टिकत न्हाई." एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा, पाचसहा वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. आमच्या उन्हात ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज लागेल तेवढीच करावी. पुस्तकबांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विष आहे. लहान मुले हात घालणार असतील तिथे ते वर्ज्यच.

रंगासाठी गेरू, पिवळी माती, काजळी आणि खडूची पूड घेतली. विकत आणला तो फक्त हिरवा. ही पूड नुसत्या पाण्यात कालवली तर वाळल्यावर कपड्यांना लागते. पाण्यात निम्मी खळ घातली की धरून राहते. रेषा अंगठ्याएवढ्या जाड काढाव्यात आणि शेवटच्या रांगेत जाऊन बघाव्यात. जवळून सुबक दिसणारी बारीक नक्षी तिथून नुसता डाग दिसते. फळे म्हणजे रद्दीचे बोळे, वरून लाल पतंगी कागद. यंत्रमागाच्या कारखान्यांतून सुताचे रिकामे कागदी कोन मिळाले, त्यांची घरांची शिखरे झाली.

यरीहोचा बाजार उभा करायला तर सोलापूरकरांना काहीच विकत घ्यावे लागत नाही. दोन खांबांना दोरी बांधली आणि घरोघरच्या चादरी मागून आणून तिच्यावर टाकल्या. कुणाची चादर कुठली याची चिठ्ठी प्रत्येकीला टाचली. कार्यक्रम संपल्यावर त्या घड्या घालून परत गेल्या.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. पुठ्ठ्याच्या झाडावर माणूस चढू शकत नाही. आमचा जक्कय खरोखर चढला तो झाडामागे ठेवलेल्या भक्कम लाकडी घडवंचीवर. ती भिंतीला टेकवून बांधली होती आणि बाजूला एक मोठा माणूस उभा होता. झाडाला लाकडी रिपांची चौकट, मागून तिरपे टेकू आणि टेकूंवर वाळूच्या पिशव्या. दिवे कागदापासून दूर ठेवले आणि वाळू-पाण्याच्या बादल्या जवळ. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून त्या आदल्या पाण्याच्या दिवशीच भरून ठेवल्या.

जक्कय झाला तो मुलगा वर्गात सर्वांत बुटका. त्यावरून त्याला चिडवत, म्हणून तो भूमिका घ्यायला तयार नव्हता. पण झाडाची सगळी फळे त्याने वळली होती. "माझ्या झाडावर दुसरं कोण चढणार?" असे म्हणून तोच पुढे आला. प्रयोगाच्या वेळी वरची एक फांदी थोडी कललीच. त्याने एका हाताने ती धरून ठेवली आणि संवाद म्हटले. प्रेक्षकांना ते नाटकातलेच वाटले.

फ्लेक्स विकत घेता येतो, हा मुलगा विकत आणता आला नसता. सजावट स्वस्त झाली ती वस्तू स्वस्त होत्या म्हणून नव्हे, तर प्रत्येक घराने काहीतरी दिले म्हणून. आजोबांनी खळ दिली, कुणी चादर दिली, मुलांनी हात दिले. आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी नेपथ्याच्या खर्चावरून वाद होतात. पुढच्या वेळी अंदाजपत्रक मांडण्यापूर्वी आपल्यापैकी कुणाला काय करता येते याची यादी करून पाहावी, एवढेच सुचवावेसे वाटते.

झाड शेवटी रद्दीत गेले. फळे मात्र मुलांनी वाटून घरी नेली. आणि हो, खाऊ पाचही दिवस पोटभर मिळाला.