संदेशवहन तंत्रज्ञान : शिक्षण आणि करिअरच्या वाटा



दहावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोराला मोबाईलचं फार वेड आहे. टेलिकॉमला घालू का? की शेवटी दुकानच टाकायचंय?"

दुकान टाकण्यात कमीपणा काहीच नाही. पण मोबाईल वापरण्याची आवड वेगळी आणि तो कसा चालतो हे शोधण्याची आवड वेगळी. प्रवेश घेण्याआधी एवढा फरक ओळखायला हवा.

आपण फोनवर बोलतो तेव्हा आवाजाचे विद्युत संकेत होतात, त्यांचे अंक बनतात आणि ते रेडिओलहरींवरून टॉवरपर्यंत जातात. पुढचा बराचसा प्रवास काचेच्या बारीक तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने होतो. दहावीच्या विज्ञानात आपण शिकवतो तेच हे पूर्ण आंतरिक परावर्तन! पाठ्यपुस्तकातल्या 'अवकाश मोहिमा' या धड्यातले भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी इथे १९७१ साली देशाचं उपग्रह संदेशवहनाचं भूकेंद्र सुरू झालं, हे मुलांना आवर्जून सांगा. विषय एकदम जवळचा वाटतो.

आता वाटा पाहू.

१) आयटीआय : दहावीनंतर २ वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा ट्रेड. हातात कौशल्य लवकर येतं.

२) पदविका : दहावीनंतर ३ वर्षे, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

३) पदवी : बारावी विज्ञान आणि सीईटीनंतर ४ वर्षे.

म्हणजे आयटीआय किंवा पदविकेला गेलेल्या मुलाचं शिक्षण तिथेच संपत नाही. "डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचा" असं मुलांसमोर कृपया म्हणू नका.

कामं कोणती? फायबरच्या तारा टाकणं आणि जोडणं, टॉवरची देखभाल, नेटवर्कची रचना व सुरक्षा, चिप डिझाइन, रेल्वेचा सिग्नल व दूरसंचार विभाग, आकाशवाणी-दूरदर्शनचा तांत्रिक विभाग, इस्रो. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतही या शाखेचा स्वतंत्र गट आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. तंत्र झपाट्यानं बदलतं. ज्या तारेवर पिढ्यानपिढ्या निरोप गेले, ती सेवा २०१३ मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये फाईव्ह-जी आलं. यंत्रं जुनी होतात, पण त्यामागचं गणित आणि भौतिकशास्त्र जुनं होत नाही. ज्याचा पाया पक्का, तो नवं शिकून घेतो.

म्हणून प्रवेशाआधी मुलाला किंवा मुलीला एकच विचारा : "बंद पडलेला रेडिओ दिला तर उघडून बघशील का?" मुलीला तर नक्की विचारा, कारण तिला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. डोळे चमकले, तर ही वाट तिचीच!